हेरॉन पाँडचं सोवळं

ज्या समाजाचं स्वतःचं पोट भरलेलं असतं, तो समाज पुढे गवताला खाऊ घालू लागतो. ही प्रगतीची ठरलेली पायरी आहे. मागास देशांत गवत गाय खाते, गाईचं दूध माणूस पितो आणि गवताचा विषय तिथेच संपतो. प्रगत देशांत गवत कुणीच खात नाही. ते वाढावं म्हणून वसंतात त्याला खत घालतात, वाढलं म्हणून शनिवारी कापतात, कापलेलं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि पुन्हा खत आणायला दुकानात जातात. या व्यवहारात गवताचा काय फायदा होतो हे अजून कळलेलं नाही. पण खतवाला, यंत्रवाला आणि घरमालक या तिघांनाही काम मिळतं, आणि शनिवार बरा जातो.

गुरुनाथ घैसास हा मूळचा मिरजेचा, पुण्यात इंजिनिअर झालेला आणि कोलंबसमधल्या एका विमा कंपनीच्या संगणकांना वळण लावण्यासाठी ओहायोत आणलेला गृहस्थ. २००२ साली त्याने डब्लिनच्या पुढे, मक्याची शेतं संपून घरं सुरू होतात तिथं, 'हेरॉन पाँड' नावाच्या वसाहतीत घर घेतलं. हेरॉन म्हणजे बगळा आणि पाँड म्हणजे तळं. बगळा आजवर कुणी पाहिलेला नव्हता. तळं मात्र होतं. मुळात तो बिल्डरने पावसाचं पाणी साठायला खणलेला खड्डा होता, पण त्याच्याकडे तोंड असलेली घरं जास्त भावाने विकली गेली तेव्हापासून सगळे त्याला 'लेक' म्हणू लागले.

गुरुनाथच्या शेजारी वॉल्टर राहत. हायस्कूलचे निवृत्त प्रिन्सिपॉल, उंच, गोरेपान, आणि स्वभावाने खरोखर सज्जन. 'घैसास' हे आडनाव त्यांच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून त्यांनी त्यातलं पहिलं अक्षर ठेवून घेतलं आणि ते गुरुनाथला 'गाय' म्हणू लागले. इंग्रजीत 'गाय' म्हणजे गडी, हे गुरुनाथला ठाऊक होतं. (त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. ती आली तेव्हा पहिले दोन दिवस तिला फार राग आला. मग गाय पवित्र असते असा विचार करून तिने तो आवरला.) रोज सकाळी हिरवळीपलीकडून 'हाय, गाय' अशी हाक यायची, आणि गुरुनाथचा दिवस चांगला सुरू व्हायचा.

वॉल्टरच्या घरामागे डेक, म्हणजे मोठा लाकडी ओटा होता. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी गल्लीतली निम्मी मंडळी तिथं जमत, शेगडीवर काहीबाही भाजलं जाई आणि हसण्याचा आवाज गुरुनाथच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. इतक्या वर्षांत गुरुनाथ त्या ओट्यावर एकदाही चढला नव्हता. वॉल्टर त्याच्याशी तासभर बोलत, पन्हाळी कशी साफ करावी इथपासून सगळं सांगत, पण दोन हिरवळींच्या मधल्या रेषेवर उभं राहून. मग 'वेल, गाय' म्हणत आणि आत जात. यात काही आकस नव्हता. त्यांना ते सुचलं नव्हतं एवढंच. गुरुनाथकडे ग्रीन कार्ड होतं, घर होतं, दोन गाड्या होत्या. त्या ओट्यावरची खुर्ची नव्हती, आणि त्याला तीच हवी होती. बायकोजवळ तो तसं कधी बोलला नाही. 'तिथून तळं छान दिसत असेल,' एवढंच म्हणायचा.

२००५च्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. शेवाळाचा असा जाड थर आला, की त्यावर सतरंजी अंथरावी. वास सुटला. गावचे अधिकारी आले, त्यांनी बाटलीत पाणी भरून नेलं आणि सांगितलं की हिरवळीच्या खतातला फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात जातो आणि शेवाळ त्यावर पोसतं. पुढच्या वसंतात गावाने नियम केला. तो साधा होता आणि शहाणपणाचा होता, हे आधीच नोंदवून ठेवायला हवं. पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. खताच्या पोत्यावर तीन आकडे छापलेले असतात. त्यातला मधला फॉस्फरसचा. तो शून्य असावा. माती तपासून गरज दाखवली तर सूट. गोठलेल्या जमिनीवर खत टाकू नये, फरसबंदीवर सांडलं तर झाडून घ्यावं, आणि पाण्याच्या कडेची थोडी जागा सोडून द्यावी. संपला नियम.

इतका साधा नियम माणसं आपणहून पाळून टाकतील, अशी भीती हेरॉन पाँडच्या मालक-संघाला वाटली असावी. म्हणून त्यांनी 'तळे संरक्षण समिती' नेमली. अध्यक्ष वॉल्टर. संघाचा आणखी एक नियम आधीपासून होता, तो असा की प्रत्येक घरापुढची हिरवळ बारमाही हिरवीगार असली पाहिजे, पिवळा डाग दिसल्यास नोटीस. या दोन नियमांत काही विसंगती नव्हती, कारण ते दोन वेगवेगळ्या मंगळवारी मंजूर झाले होते.

तळ्यावर कॅनडातले हंसही राहत. ते हिवाळ्यापुरते म्हणून आले होते आणि व्हिसा लागत नसल्यामुळे राहून गेले. (गुरुनाथला ग्रीन कार्डासाठी किती वाट पाहावी लागली हे आठवून तो त्यांच्याकडे जरा वाकड्या नजरेने बघायचा.) हंस दिवसभर हिरवळीवर चरत आणि जे खाल्लं ते तळ्यात उतरून परत करत. तळ्यातला बराचसा फॉस्फरस हंसांकडूनच येत असेल, असं मत पहिल्याच सभेत एका सभासदाने मांडलं. त्यावर साधकबाधक चर्चा झाली. हंस घरांचे मालक नाहीत, ते वर्गणी भरत नाहीत, सबब त्यांना नोटीस बजावता येत नाही, असा ठराव होऊन मुद्दा निकाली निघाला. (ठरावाच्या बाजूने ७१ टक्के, विरोधात १८ टक्के, उरलेले खिडकीतून हंसांकडे बघत होते.)

गुरुनाथ समितीवर कसा गेला, तर त्याने ईमेल करून एक प्रश्न विचारला. अमेरिकेत जो प्रश्न विचारतो त्याला ते काम मिळतं. त्याला फार आनंद झाला. समितीच्या सभा शाळेच्या ग्रंथालयात होत असत, वॉल्टरच्या ओट्यावर नाही; पण दिशा बरोबर होती.

एप्रिलमध्ये त्याची आई आली. अहिल्याबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर, दोन बॅगा भरून मेतकूट, सांडगे आणि एका डब्यात रेशमी सोवळं घेऊन उतरल्या. मिरजेच्या घरात त्यांचं सोवळं कडक होतं. पाणी भरायचं सोवळ्यात, स्वयंपाक सोवळ्यात, आणि मधे कुणी शिवलं तर पुन्हा अंघोळ. गुरुनाथ कॉलेजात असताना त्याची भरपूर टिंगल करायचा. पारोशाने पोहे खाता यावेत म्हणून मी अमेरिकेला आलो, असं तो मित्रांना सांगायचा. इथं आल्यावर सून अडवत नव्हती, पण ऐकतही नव्हती, आणि नात शिवांगी फ्रिजला हात लावून सरळ देवघरात जायची. ज्या घरात आपल्याला कुणी काही विचारत नाही, तिथं बाई गप्प बसायला शिकते. अहिल्याबाईंना त्याचं वाईट वाटत होतं.

मे महिन्यात एका शनिवारी गुरुनाथ खताचं पोतं गाडीतून काढत होता. आईने विचारलं, यात एवढं बघून काय आणलंस? त्याने तीन आकडे दाखवले आणि मधला शून्य का, ते समजावलं.

"स्फुरद म्हण की," अहिल्याबाई म्हणाल्या. सांगली आकाशवाणीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्या रोज स्वयंपाक करताना ऐकायच्या. "म्हणजे नत्र चालतं, पालाश चालतं, स्फुरद चालत नाही. गवताला उपास आहे म्हणायचा."

गुरुनाथ बघतच राहिला. समितीच्या इतक्या सभा झाल्या, पण इतकं स्वच्छ कुणी मांडलं नव्हतं. तो खत पसरायच्या गाड्याकडे वळला. दोन चाकांचा, वर टोपलं असलेला तो गाडा, ज्याला स्प्रेडर म्हणतात, त्याने वॉल्टरकडून मागून आणला होता.

"हा गाडा कुणाचा?" आईने विचारलं.

"वॉल्टरचा."

"आधी त्यात काय घातलं होतं?"

मागच्या वर्षीचं जुनं खत, त्याने सांगितलं. मधला आकडा शून्य नसलेलं.

"मग धुतलास का?"

नव्हता धुतला.

"मग तुझा शून्य कसला रे? ओवळ्या भांड्यात शिजवलेलं सोवळ्याचं होतं का?"

इथं हेरॉन पाँडच्या इतिहासाला वळण मिळालं. पुढच्या सभेत गुरुनाथ उभा राहिला. सोवळं या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. थोडा विचार करून तो म्हणाला, की घरी एका ज्येष्ठ सल्लागारांशी चर्चा केली असता 'क्रॉस-कंटॅमिनेशन'चा मोठा धोका लक्षात आला आहे. वॉल्टरनी चष्मा काढून पुसला. आपण सगळे एकमेकांचे गाडे मागून आणून फिरवतो आहोत, ते धुतो का, धुतले तर कशाने, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सभा संपल्यावर वॉल्टरनी गुरुनाथच्या खांद्यावर हात ठेवला. असं पहिल्यांदाच झालं, आणि तो हात घरी येईपर्यंत त्याला खांद्यावर जाणवत होता.

मग तो रोज आईला विचारू लागला आणि आई सांगू लागली. इतक्या वर्षांत तिला सोवळ्याबद्दल कुणी मनापासून काही विचारलं नव्हतं. तिने हातचं काही राखून ठेवलं नाही. आई मराठीत सांगायची, गुरुनाथ ते इंग्रजीत टाइप करायचा, समिती ते एकमताने मंजूर करायची. जून संपायच्या आत हेरॉन पाँडची संहिता तयार झाली.

खत टाकताना घातलेले बूट तळ्याच्या बाजूला नेऊ नयेत. खत टाकणाऱ्याने अंघोळ करून धुतलेले कपडे घातल्याखेरीज तळ्याकडे फिरकू नये. धुतलेला गाडा न धुतलेल्या गाड्याला टेकला तर दोन्ही न धुतलेले समजावेत. (यावर वकील असलेल्या एका सभासदाने विचारलं, की दोघांच्या मधे भिंत असेल आणि दोघेही भिंतीला टेकले असतील तर? प्रश्न घरी आणण्यात आला. अहिल्याबाई म्हणाल्या, भिंत मातीची की विटांची? वकील इतके प्रभावित झाले, की त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.)

गाडा धुतलेलं पाणी कुठं ओतायचं, हा प्रश्न जरा अवघड गेला. फरसबंदीवर ओतलं तर ते गटारातून तळ्यात जाणार. हिरवळीवर ओतावं तर हिरवळीला उपास. न्हाणीत ओतलं तर ते नदीत जाईल आणि नदीला आपल्यासारखी समिती नाही. शेवटी ते बादलीत भरून गॅरेजमध्ये ठेवावं आणि पुढील आदेशाची वाट पाहावी, असं ठरलं. तेव्हापासून हेरॉन पाँडच्या प्रत्येक गॅरेजमध्ये एक झाकलेली बादली आहे. गाड्या बाहेर उभ्या असतात.

मग आला गवत कापणाऱ्या माणसांचा विषय. रामिरो आणि त्याचे तीन साथीदार आसपासच्या सगळ्याच वसाहतींत गवत कापत. त्यांच्या यंत्रांची चाकं कुठकुठल्या हिरवळींवरून आलेली असत, त्या हिरवळींनी काय खाल्लेलं असे, हे कुणी सांगावं? त्यामुळे त्यांचा ट्रक प्रवेशद्वाराबाहेर उभा करावा, त्यांच्यासाठी बाहेरच वेगळा नळ द्यावा, आणि त्यांच्याशी देवघेव हातोहात न करता वस्तू प्रवेशद्वाराच्या भिंतीवर ठेवावी, मग त्यांनी उचलावी, असं कलम घालण्यात आलं. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. रामिरो सगळ्यांना आवडायचा. नाताळात त्याला भेटकार्डं मिळत, तीही आता भिंतीवरच मिळणार होती. हा भेदभाव नव्हता, फॉस्फरस होता. रामिरो भिंतीवरचं उचलायचा आणि 'थँक यू' म्हणायचा.

गुरुनाथची बायको प्रतिमा एका प्रयोगशाळेत नोकरी करायची. तिने एकदा जेवताना विचारलं, पाण्याची टेस्ट कुणी केली का? गुरुनाथने शांतपणे समजावलं, की टेस्ट करायची तर काठापर्यंत जावं लागेल, बाटली पाण्यात बुडवावी लागेल, आणि ती बाटली आधी कुणाच्या हातात होती याची खात्री देता येत नाही. सबब समितीने टेस्ट तूर्त स्थगित केली आहे.

"गुरू, तुला कळतंय का तू काय करतोयस?" प्रतिमा म्हणाली. "लग्नानंतर मिरजेत महिन्यातले चार दिवस मी कोपऱ्यात बसले. वेगळं ताट, वेगळी चटई. मी त्यातून सुटायला ओहायोपर्यंत आले, यार."

अहिल्याबाई पानातल्या भातावर चिमूट चिमूट मीठ घालत राहिल्या. शिवांगीने मान वर न करता "इट्स जस्ट ग्रास, यू गाइज" असं म्हटलं आणि ती पानावरून उठली. गुरुनाथला दोघींचंही वाईट वाटलं. पण वॉल्टर आता रोज सकाळी रेषा ओलांडून त्याच्या हिरवळीत येऊन बोलत असत. एवढं जवळ आलेलं कुणी सोडत नाही.

जुलैत समितीने त्याला निरीक्षक केलं. काम जोखमीचं होतं. घरोघरी जाऊन गॅरेजमधल्या खताच्या पोत्यांवरचा मधला आकडा बघायचा. लोकांना पोती भिंतीकडे तोंड करून ठेवायची सवय असते, त्यामुळे प्रत्येक पोतं उचलून फिरवावं लागे. गुरुनाथने ते मनापासून केलं. जी माणसं आजवर दुरून हात हलवायची, ती आता त्याच्यासाठी गॅरेजचं दार उघडून अदबीने उभी राहत. पाहणीचा निष्कर्ष असा: ८३ टक्के घरांत मधला आकडा शून्य होता, ९ टक्के घरांत नव्हता, आणि ८ टक्के घरांत पोत्यात खत नसून नाताळची रोषणाई होती. नऊ टक्केवाल्यांनी डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली. त्यांची पोती गुरुनाथने स्वतः उचलून गावाच्या संकलन केंद्रावर नेऊन दिली.

त्याच सुमारास संहितेचं शेवटचं कलमही त्याने लिहिलं. दुसऱ्याच्या पोत्याला हात लावलेल्याने हंगाम संपेपर्यंत काय पाळावं, याचं ते कलम होतं. भाषा इतकी बिनचूक होती, की वॉल्टरनी ते वाचून दाखवताना दोनदा थांबून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

ऑगस्टच्या अखेरीस वॉल्टर सकाळी आले आणि म्हणाले, "गाय, लेबर डेच्या शनिवारी समितीची पार्टी आहे. माझ्या डेकवर. सगळ्या फॅमिलीला घेऊन ये. आणि तुझ्या आईला नक्की आण. शी इज अवर गेस्ट ऑफ ऑनर."

गुरुनाथ घरात आला तेव्हा त्याचा चेहरा बघून प्रतिमाला वाटलं, प्रमोशन झालं. त्याने कारण सांगितलं, तेव्हा ती हसणार होती, पण हसली नाही. तिने बटाटेवडे करायचं ठरवलं. अहिल्याबाईंनी जांभळी नारायणपेठ काढली. गुरुनाथने शर्टाला दोनदा इस्त्री केली.

शनिवारी संध्याकाळी सगळी मंडळी जमली होती. ऊन उतरलं होतं, शेगडीचा धूर वर चालला होता. अहिल्याबाईंना आधी वर नेण्यात आलं. शेगडीपासून लांब, कठड्याजवळची सगळ्यांत चांगली खुर्ची त्यांची होती. दोन बायकांनी तर त्यांना वाकून नमस्कारही केला. मग प्रतिमा आणि शिवांगी गेल्या. गुरुनाथ वड्यांचं भांडं घेऊन पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, तोच वॉल्टर समोर आले. त्यांचा चेहरा ओशाळला होता.

त्यांना हे बोलताना फार जड जात होतं. पण सभासदांपैकी कुणीतरी शेवटचं कलम काढून दाखवलं होतं. या उन्हाळ्यात वसाहतीतल्या झाडून सगळ्या पोत्यांना हात लावलेला माणूस एकच होता. त्यातली नऊ टक्के पोती तर त्याने उराशी धरून नेली होती. कलम स्पष्ट होतं: अशा माणसाने हंगाम संपेपर्यंत इतरांच्या पंगतीत बसू नये. हंगाम संपायला ऑक्टोबर उजाडणार होता. अपवाद करावा, असं वॉल्टरनी सुचवून पाहिलं. पण अपवादाची तरतूद कलमातच नव्हती, आणि ते इतकं नेटकं लिहिलेलं होतं, की कुठून आत शिरायला फट सापडेना.

"ऑफ कोर्स," गुरुनाथ म्हणाला. "रूल्स आर रूल्स." तो हसलासुद्धा. कलम आपलंच होतं, आणि ते इतकं चोख लागू पडलेलं बघून त्याला थोडा अभिमानही वाटला, असं म्हणतात.

ओट्याच्या खाली, कठड्याला लागून, हिरवळीवर एक घडीचं टेबल मांडलेलं होतं. तिथं रामिरो आधीच बसलेला होता. त्यालाही बोलावलं होतं. समिती कृतघ्न नव्हती. गुरुनाथने वडे टेबलावर ठेवले. रामिरोने त्याला सरकून जागा दिली. दोघांनी हवामानाबद्दल थोडं बोलून घेतलं. वरून हसण्याचे आवाज येत होते, आणि आता ते स्वयंपाकघरातून ऐकू यायचे त्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट येत होते.

मग वॉल्टर कठड्यावरून वाकले. त्यांच्या हातात चिमटा होता, चिमट्यात भाजीचा बर्गर. "हिअर यू गो, गाय," असं मायेने म्हणत त्यांनी तो वीतभर वरून गुरुनाथच्या कागदी ताटलीत सोडला. चिमटा ताटलीला लागू दिला नाही. गुरुनाथने दोन्ही हातांनी ताटली वर धरली होती.

अहिल्याबाईंच्या खुर्चीतून हे सगळं दिसत होतं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ते वाकणं त्यांच्या ओळखीचं होतं. किती उंचावरून सोडलं म्हणजे शिवत नाही, हे त्या पृथ्वीवरच्या कुणाहीपेक्षा चांगलं जाणत होत्या. त्या उठल्या आणि कठड्याशी आल्या.

"गुरू, त्यांना सांग, असं वरून टाकू नका म्हणावं. माझा मुलगा आहे तो."

सगळे गुरुनाथकडे बघू लागले. त्याने शब्द शोधला. इतके दिवस आईच्या प्रत्येक शब्दाला त्याला एक भारदस्त इंग्रजी शब्द सापडला होता, आज सापडेना.

"शी सेज," तो म्हणाला, "नॉट फ्रॉम अबव्ह."

वॉल्टरना 'अबव्ह' एवढंच नीट ऐकू आलं. ज्येष्ठ सल्लागार जेवणाआधी देवाचं नाव घेत आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला, डोळे मिटले आणि मान झुकवली. त्यांचं पाहून सगळ्या ओट्याने माना झुकवल्या. क्षणभर हंसही ओरडले नाहीत. मग सगळे 'आमेन' म्हणाले आणि पुन्हा खाऊ लागले.

अहिल्याबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. खुर्ची नव्हती, म्हणून नारायणपेठ सावरून हिरवळीवरच बसल्या, मुलाच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रामिरो होता. त्यांनी गुरुनाथच्या ताटलीतला बर्गर उचलला, अर्धा मोडून घेतला आणि तोंडात घातला. उष्टं, पारोसं, कुणाकुणाच्या हातचं, सगळं त्या एका घासात होतं. त्यांना तो गिळायला वेळ लागला. त्या रडत होत्या.

"आपल्या कामवाल्या सोनाबाईला मी असंच वाढत होते रे," त्या म्हणाल्या. "मागच्या दारी. तू शाळेत होतास तेव्हापासून. ती कधी काही बोलली नाही. मला वाटायचं, तिला चालतं."

गुरुनाथने रामिरोपुढे वड्यांचं भांडं सरकवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक वडा उचलून त्याच्या हातात दिला.

वॉल्टर सज्जन गृहस्थ आहेत. म्हातारी बाई गवतावर बसलेली पाहून त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी लगेच एक गादी आणली. ती त्यांनी कठड्यावरून सोडली.

समितीच्या वार्षिक अहवालात हा समारंभ 'भक्तिमय वातावरणात' पार पडल्याचं नमूद आहे. अहिल्याबाई ऑक्टोबरमध्ये मिरजेला परतल्या. हेरॉन पाँडच्या संहितेच्या प्रती शेजारच्या दोन वसाहतींनी मागवून नेल्या आहेत. गुरुनाथने निरीक्षकपद सोडलं. त्या जागी एक दंतवैद्य आले आहेत, ते हातमोजे घालतात. तळं अजून हिरवं आहे. त्यात हंस सुखाने राहतात.

हे वाचून वाचकांना ओहायोच्या लोकांचं हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. शिकलीसवरलेली माणसं, आणि गवताच्या खतावरून एकमेकांना शिवेनाशी झाली. आपल्याकडे सुदैवाने असलं काही उरलेलं नाही. सोवळं तर तुमच्या आजीबरोबरच गेलं. तुमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या मागे, खिडकीत, तो एक दांडा तुटलेला कप उपडा घातलेला असतो, तो भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा आहे एवढंच. त्यांना त्यातूनच चहा आवडतो, असं तुम्हीच मागे सांगत होता.